एक गोळी, मग तीन: आमवाताच्या औषधांचा माझा अनुभव

गेल्या महिन्यातल्या तपासणीत डॉक्टरांनी माझ्या तीन औषधांपैकी एक, सल्फासॅलाझिन, निम्म्यावर आणलं. स्टेरॉइड त्याआधीच बंद झालं होतं. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपण ज्याला आमवात म्हणतो तो, मुळापासून बरा होत नाही, पण त्याला शांत ठेवता येतं. माझा आता वर्षभर शांत आहे, म्हणून लिहायला बसले.

या काळात माझ्या घरात एकच वाद पुन्हा पुन्हा झाला. एक औषध पुरे की तीन एकत्र घ्यायची? सासूबाईंचं म्हणणं, "एकाने भागत असेल तर पोटात तीन विषं कशाला?" ह्यांचं म्हणणं, "पहिल्या दिवशीच तिन्ही दिली असती तर एवढे महिने फुकट गेले नसते." दोघांच्याही बोलण्यात माझ्याबद्दलची काळजीच होती, आणि दोघांचंही मला तेव्हा खरं वाटायचं. हा प्रश्न तुमच्या घरी आला असेल तर माझ्या बाबतीत तो कसा सुटला ते तारखांसकट सांगते. मी डॉक्टर नाही. गोव्यात साखळी गावात राहते आणि जवळच्या डिचोलीतल्या एका पतसंस्थेत कॅशियर आहे.

२०२२च्या पावसाळ्यात सुरुवात झाली. नोटांच्या बंडलाला रबर लावताना उजव्या हाताची दोन बोटं दुखायची. पावसात सगळ्यांचंच काहीतरी दुखतं, असं धरून चालले. त्या वर्षी चवथ ३१ ऑगस्टला होती. आदल्या दिवशी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायला बसलो तर मला एकीलाही मुरड घालता येईना. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर दाबलीच जात नव्हती. तोवर डावा हातही तसाच झाला होता, नेमक्या त्याच पेरांना सूज. सकाळी उठल्यावर मुठी मिटायला नऊ वाजायचे.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी आधी वेदनाशामक दिलं, पंधरा दिवसांनी रक्त तपासायला सांगितलं. अंगातला दाह दाखवणारे दोन आकडे वाढलेले, ईएसआर ६४ आणि सीआरपी २८. या आजाराच्या रक्तातल्या दोन खुणाही सापडल्या: आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आणि अँटी-सीसीपी २००च्या वर. या शेवटच्या एका तपासणीलाच चौदाशे रुपये लागले, पण ती टाळू नका. आरए फॅक्टर कधी निरोगी माणसातही सापडतो आणि कधी रुग्णात सापडत नाही. अँटी-सीसीपी त्यापेक्षा जास्त नेमकी आहे. डॉक्टर म्हणाले, "हाडांच्या डॉक्टरांकडे नको, सरळ रुमॅटॉलॉजिस्टकडे जा." गोव्यात संधिवाताचे हे तज्ज्ञ मोजकेच आहेत. पणजीतल्या मॅडमची वेळ तीनेक आठवड्यांनी मिळाली. पहिल्या भेटीचे हजार रुपये. तेवढ्या दिवसांत मी एका वहीत रोज दोन गोष्टी लिहून ठेवल्या: सकाळचा आखडलेपणा किती वेळ राहिला आणि कोणते सांधे सुजले. त्या वहीचा फार उपयोग झाला. नाहीतर "कधीपासून दुखतंय?" या पहिल्याच प्रश्नाला "बरेच दिवस" एवढंच उत्तर सुचतं.

नोव्हेंबरमध्ये भेट झाली. मॅडमनी माझा हात हातात घेऊन एकेक सांधा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून दाबला. त्यांच्या अंगठ्याचं नख पांढरं होईल इतकाच जोर, प्रत्येक ठिकाणी सारखा. दाबल्यावर त्या सांध्याकडे बघत नव्हत्या, माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. खांदे, कोपरं, मनगटं, बोटांची मुळं, बोटांची मधली पेरं आणि गुडघे, असे एकूण २८ सांधे. दुखरे किती, सुजलेले किती, ईएसआर किती आणि आपल्याला स्वतःला कसं वाटतंय, या चारांवरून डास-२८ नावाचा आकडा निघतो. ५.१च्या वर म्हणजे आजार जोरात, ३.२च्या खाली म्हणजे आटोक्यात, २.६च्या खाली म्हणजे शांत. माझा ५.७ आला. या २८ सांध्यांत पाऊल आणि पायाची बोटं धरलेली नाहीत. तुमचे पाय दुखत असतील तर विचारण्याची वाट न पाहता सांगा.

त्यांनी मेथोट्रेक्सेट हे एकच मुख्य औषध लिहून दिलं, जोडीला थोड्या महिन्यांसाठी प्रेडनिसोलोन. मेथोट्रेक्सेटचा परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर सूज दाबून ठेवायची म्हणून हे कमी मात्रेचं स्टेरॉइड. सुरू करण्याआधी रक्तपेशींची मोजणी, यकृत, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, हिपॅटायटिस बी आणि सी आणि छातीचा एक्स-रे झाला. सगळं मिळून तीन हजारांच्या आसपास खर्च आला.

औषधाच्या दुकानात चिठ्ठी वाचून तिथल्या माणसाने हळूच विचारलं, "घरी कोणाला कॅन्सर आहे?" माझ्या छातीत धस्स झालं. घरी आल्यावर मॅडमना फोन केला. त्यांनी शांतपणे समजावलं: हे औषध मोठ्या मात्रेत कॅन्सरसाठी वापरतात हे खरंच आहे, पण आमवातात त्याची मात्रा अगदी थोडी असते. अमेरिकेत १९८८ साली त्याला आमवातासाठी मान्यता मिळाली आणि आज जगभर या आजारात सुरुवात बहुधा याच औषधाने होते. तुम्हालाही कोणी असं विचारलं तर ही माहिती आधीच जवळ असू दे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं गेल्यामुळे जिवावर बेतल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. मॅडमनी चिठ्ठीवर 'दर आठवड्याला' एवढंच न लिहिता 'शनिवार' असं वार घालून लिहिलं. मी कालनिर्णयवर प्रत्येक शनिवारी लाल गोल करून ठेवला आणि गोळी घेतली की त्यात बरोबरची खूण. पाकीट रोजच्या गोळ्यांच्या डब्यात कधीच ठेवलं नाही, ते कपाटात वेगळं. शनिवार ठरवला कारण दुसऱ्या दिवशी रविवार. मळमळ व्हायची ती घरी, काउंटरवर नाही. मेथोट्रेक्सेटचा दिवस सोडून आठवड्यातून दोनदा फॉलिक ॲसिड सुरू झालं, तेव्हापासून तोंड येणंही कमी झालं.

पहिल्याच भेटीत मॅडमनी चिठ्ठीच्या तळाला एक ओळ लिहिली होती: "जून २०२३, निर्णय." मी विचारलं, कसला निर्णय? म्हणाल्या, "तीन महिन्यांत स्पष्ट फरक दिसायला हवा आणि सहा महिन्यांत आजार आटोक्यात यायला हवा. नाही आला तर उपचार बदलायचा. बरं वाटतंय, बघू अजून थोडे दिवस, असं चालवायचं नाही." सांध्याचं हाड एकदा झिजलं की औषधाने परत येत नाही, हे त्यामागचं कारण. सगळ्या उपचारात मला सर्वांत मोलाची वाटली ती ही एक ओळ. ज्यांना हा आजार नुकताच कळला आहे त्यांना मी आग्रहाने सांगते, औषध एक असो की तीन, पुढच्या निर्णयाची तारीख पहिल्याच दिवशी विचारून घ्या आणि लिहून घ्या.

डिसेंबर ते मे मात्रा हळूहळू वाढत गेली, १० मिलिग्रॅमवरून १५, मग २०. सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी आणि नंतर थोड्या अंतराने रक्त तपासणी. फेब्रुवारीत डास ४.३ आला. घरात आनंद झाला. मी परत काउंटरवर बसायला लागले, डब्यांची झाकणं उघडू लागले. पण उजवं मनगट सुजलेलंच राहिलं आणि सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या खाली काही येईना. जूनमध्ये आकडा ४.०. आधीच्या मानाने मी कितीतरी बरी होते, म्हणून तो आकडा बघून जास्तच रडू आलं. मला वाटलं होतं की आता एवढ्यावरच भागेल.

पुढे तीन वाटा होत्या. एक, मेथोट्रेक्सेट २५ मिलिग्रॅमपर्यंत नेणं किंवा गोळीऐवजी कातडीखाली इंजेक्शन. दुसरी, त्यात सल्फासॅलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मिळवणं, म्हणजे तीन औषधांचं मिश्रण. तिसरी, बायोलॉजिक इंजेक्शनं, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेली औषधं. ती सुरू करण्याआधी शरीरात क्षयरोग लपलेला नाही ना याची तपासणी लागते, ती फ्रिजमध्ये ठेवावी लागतात आणि त्यांचा महिन्याचा खर्च माझ्या पगारात बसणारा नव्हता.

मॅडमनी काही अभ्यासांची नावं कागदावर लिहून दिली. फार्मसी शिकणाऱ्या भाच्याला शेजारी बसवून मी ते समजून घेतले. पहिला १९९६ सालचा, अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या डॉ. जेम्स ओ'डेल यांच्या गटाचा. १०२ रुग्ण, दोन वर्षं. निम्म्याहून जास्त सुधारणा होऊन ती टिकली असे लोक तीन औषधांच्या गटात ३१ पैकी २४, एकट्या मेथोट्रेक्सेटच्या गटात ३६ पैकी १२ आणि मेथोट्रेक्सेट सोडून बाकीची दोन घेणाऱ्यांत ३५ पैकी १४. म्हणजे ७७, ३३ आणि ४० टक्के. हे वाचून ह्यांनी लगेच माझ्याकडे पाहिलं. पण भाच्याने पुढचं दाखवलं. त्या रुग्णांना आधीच निदान एका औषधाचा उपयोग झालेला नव्हता आणि मेथोट्रेक्सेटची मात्रा १७.५ मिलिग्रॅमच्या वर नेलेलीच नव्हती. मी तर तेव्हाच २०वर होते. फिनलंडमधल्या १९९९च्या अभ्यासात नव्या रुग्णांना पहिल्यापासून तिन्ही औषधं आणि थोडं स्टेरॉइड दिलं, तेव्हा दोन वर्षांनी ३७ टक्क्यांचा आजार शांत झाला, एका औषधाच्या गटात १८ टक्क्यांचा. तिथेही एका औषधाच्या गटाची सुरुवात सल्फासॅलाझिनने झाली होती, मेथोट्रेक्सेटने नाही.

माझं मन स्थिर केलं ते २०१२च्या टीअर नावाच्या अभ्यासाने. त्यात ७५५ रुग्ण होते. काहींना पहिल्या दिवसापासून मिश्रण, काहींना आधी एकटं मेथोट्रेक्सेट आणि २४ आठवड्यांनी आजार आटोक्यात नसेल तर मिश्रण. एकट्या मेथोट्रेक्सेटने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांना पुढे काही वाढवावंच लागलं नाही. बाकीच्यांना वाढवावं लागलं, पण दोन वर्षांच्या शेवटी दोन्ही वाटांनी आलेल्यांचा डास सारखाच होता. म्हणजे माझे सहा महिने फुकट गेले नव्हते. आणि सासूबाई म्हणतात तसं एकावरच अडून बसणंही बरोबर नव्हतं, कारण मी त्या २८ टक्क्यांत नव्हते. दोघांना एकाच टेबलाशी बसवून हे सांगितलं, तेव्हा कुठे वाद थांबला. २०१३चा आणखी एक अभ्यास होता, पुन्हा ओ'डेल यांचाच: मेथोट्रेक्सेट अपुरं पडलेल्या ३५३ लोकांत तीन गोळ्यांचं मिश्रण हे मेथोट्रेक्सेट आणि एटानरसेप्ट नावाचं बायोलॉजिक या जोडीपेक्षा कमी ठरलं नाही. स्वस्त औषधं घेते म्हणून मी दुय्यम उपचार घेत नाही, हे कळल्यावर मनावरचं ओझं उतरलं.

तरीही दुसरं मत घ्यायचं ठरवून मी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात गेले. मेडिसिनच्या ओपीडीसाठी सकाळी लवकर निघा आणि अर्धा दिवस हातात ठेवा. निघण्याआधी कोणत्या युनिटचा वार कधी असतो ते विचारून घ्या. केस पेपर काढताना आधार कार्ड आणि गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचं कार्ड जवळ असू द्या. गोव्याबाहेरच्या रुग्णांना २०१८ पासून तिथे शुल्क आहे, म्हणून रहिवासाचा पुरावा विचारतात. दीनदयाळ कार्ड ठरावीक उपचार आणि शस्त्रक्रियांसाठी आहे, घरी घ्यायच्या महिन्याच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. ठरावीक आजारांच्या उपचारखर्चावर आयकरात सूट मिळते, त्या यादीतही हा आजार नाही. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून फाइल नेली होती. तिथल्या डॉक्टरांनी ती पानं उलटत सगळे डासचे आकडे एका खाली एक लिहिले आणि म्हणाले, मिश्रण योग्य आहे. माझा चेहरा बघून शेजारच्या सिस्टर म्हणाल्या, "बाय, भिवपाची गरज ना."

सल्फाची ॲलर्जी आहे का, हे दोन्हीकडे विचारलं. जी-सिक्स-पीडी नावाची रक्त तपासणीही करून घेतली, कारण ते एंझाइम कमी असेल तर सल्फासॅलाझिनने रक्तपेशी फुटू शकतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसाठी डोळ्यांची सुरुवातीची तपासणी म्हापशात केली. डोळ्याच्या पडद्याचं ओसीटी स्कॅन आणि दृष्टिक्षेत्र, दोन्ही. थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं, तेव्हा स्कूटर घेऊन जाऊ नका. मी कदंबच्या बसने गेले होते.

जुलै २०२३ पासून तिन्ही औषधं सुरू झाली. सल्फासॅलाझिन दिवसाला ५०० मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला वाढवत सकाळ-संध्याकाळ एकेक ग्रॅमवर नेलं. लघवी नारिंगी होते. हे आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वजनावर ठरतं, दर किलोला रोज ५ मिलिग्रॅमच्या आत. माझं वजन ६२ किलो, म्हणून एक दिवस एक गोळी आणि दुसऱ्या दिवशी दोन. त्याचीही खूण कालनिर्णयवरच. पहिले काही आठवडे भूक मेली, डोकं जड असायचं. सप्टेंबरमध्ये यकृताचा एक आकडा वाढला, तेव्हा मेथोट्रेक्सेट १५वर आणलं आणि पुढच्या तपासणीत तो उतरला. एका औषधाच्या काळात गोळ्यांचा महिन्याचा खर्च साडेतीनशेच्या घरात होता, तिन्हींचा अकराशेच्या घरात गेला. रक्त तपासण्या वेगळ्या. जनऔषधी केंद्रात यातल्या काही गोळ्या स्वस्त पडतात, तिथे आधी विचारावं. दारू पूर्ण बंद ठेवायला सांगतात. आमच्या घरी तो प्रश्न नव्हता, पण पुरुषांनी ही गोष्ट हलक्यात घेऊ नये. मासळी सोडा, आंबट सोडा असं ऐकवणारे पुष्कळ भेटले. मॅडम म्हणाल्या, बांगडे-तारले खुशाल खा. सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या मात्र घेऊ नका, त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं.

आणखी एक गोष्ट फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा: मेथोट्रेक्सेट चालू असताना को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक चालत नाही, रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतात. लघवीच्या जंतुसंसर्गाला ते सहज लिहून दिलं जातं. ताप आला तर त्या आठवड्याची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करायचा, हेही त्याच पानावर.

ऑक्टोबरच्या शेवटी मनगटाची सूज उतरली. नोव्हेंबरमध्ये डास २.९. फेब्रुवारी २०२४ मध्ये २.३. प्रेडनिसोलोन एकेक मिलिग्रॅमने कमी करत त्याच उन्हाळ्यात थांबलं. मॅडमनी घाई केली नाही, वर्षभर आकडा तसाच राहिला तेव्हा सल्फासॅलाझिन कमी केलं. पुन्हा जोर धरला तर मात्रा परत वाढवायची, तेही लिहून दिलं आहे.

आमच्या पतसंस्थेत नव्याने लागलेल्या एका मुलीला हाच आजार निघाला. माझी फाइल बघून म्हणाली, "ताई, मी पण हेच सुरू करते." मी तिला थांबवलं. तिचं लग्न ठरलं आहे. मेथोट्रेक्सेट गरोदरपणात चालत नाही, मूल हवं असेल तर काही महिने आधीच बंद करावं लागतं. सल्फासॅलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या काळातही देता येतात. त्यामुळे तिची सुरुवात माझ्यापेक्षा वेगळी असू शकते. तिला सांगितलं, पहिल्या भेटीतच लग्नाचं सांग, आणि चिठ्ठीच्या तळाला निर्णयाची तारीख लिहून घे. पुढच्या आठवड्यात तिची वेळ आहे, मी तिच्याबरोबर पणजीला जाणार आहे.